एकसष्ट मजल्यांची कुणकुण

आमच्या इचलकरंजीत एकसष्ट मजली टॉवर होणार, ही बातमी मला पहिल्यांदा दिली ती भाजीवालीनं. मेथीची पेंडी माझ्या पिशवीत कोंबता कोंबता ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या गल्लीचं सोनं झालं की! गिरणीच्या माळावर टॉवर यायला लागलाय."

मी हसले. गावातली सगळ्यांत उंच इमारत तेव्हा बावीस मजल्यांची होती, आणि तिच्या लिफ्टचं कौतुकच अजून सरलं नव्हतं. "कुणी सांगितलं?" मी विचारलं. तिनं वजनकाट्याशेजारचा फोन माझ्यापुढं धरला. "अदमास सांगतंय. सत्याऐंशी टक्के."

अफवा काय, आमच्या गावात पूर्वीही उठायच्या. विमानतळ येणार, मेट्रो येणार, गेला बाजार मोठं प्राणिसंग्रहालय तरी येणारच. आठवडाभर फिरून त्या आपोआप खाली बसायच्या. अफवेला टक्के लागायला लागले आणि तिनं खाली बसणंच सोडून दिलं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. त्यामुळं अदमास म्हणजे काय, हे गल्लीत ज्यानं त्यानं मलाच विचारलं. तुम्हांलाही सांगून टाकते, म्हणजे पुढं अडायला नको. रस्त्यांखालून इंटरनेटच्या केबली गेलेल्या असतात. त्यांच्या पोटात काचेचे बारीक तंतू, आणि त्यांतून प्रकाश धावतो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म खोडी राहतातच, आणि त्यांवर आपटून त्या प्रकाशाचा अगदी किंचित भाग मागं फिरतो. वरून ट्रक गेला की जमीन थरथरते, तंतू कणभर ताणला जातो, आणि मागं फिरलेला प्रकाश थोडा बदलतो. तो बदल मोजला की कुठल्या रस्त्यानं किती वजनाची गाडी गेली, कुठं रिकामी झाली, कुठं खड्डा खणला, सगळं बसल्या जागी कळतं. नवं काही पुरायला नको. आमच्या महापालिकेनं हे घेतलं ते फुटलेले पाइप शोधायला.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की याला बाकीची माहिती जोडावी. माती तपासण्याचे अर्ज, क्रेनच्या चौकश्या, लोखंडाच्या आणि लिफ्टच्या ऑर्डरी, कुठल्या जागेबद्दल किती लोक विचारतात, सगळं माणसांची नावं गाळून. आणि देशभरातल्या मोठ्या इमारती जाहीर होण्याआधी काय काय घडलं होतं, ते या यंत्रणेला शिकवलं. बिल्डर आधी कधी बोलत नाही. तो वेगवेगळ्या नावांनी थोडं थोडं सामान घेतो, भलत्या वेळी माल उतरवतो, पत्रे ठोकून जागा झाकतो, आणि कुणी विचारलं तर साफ नाही म्हणतो. अदमास अशाच खुणा हुडकतं आणि प्रत्येक जागेवर किती मजली काय येणार आणि त्याची शक्यता किती टक्के, असा आकडा लिहितं. तो आकडा कुणालाही फोनवर बघता येतो.

आता त्रिशलाक्काबद्दल. तिच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एक. गच्च्या म्हणायला दोन, पण मधला कठडा गुडघ्याएवढा. त्रिशला मगदूम माझ्याहून थोडी मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटी. ती जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी, त्यामुळं आमची संध्याकाळ लवकर व्हायची. उन्हं कलली की ती ताट घेऊन गच्चीवर यायची आणि मी चहाचा कप घेऊन. ती जेवायची, मी बोलायचे. तिचा नवरा गेला तेव्हाही आम्ही गच्चीवर यायचं सोडलं नाही. त्या दिवसांत ती जेवायची नाही आणि मी बोलायचे नाही, एवढंच.

प्रेमाचं बोलणं मात्र आमच्यात कधी झालं नाही. मी तिच्या कांदा-लसूण नसलेल्या आमटीला नावं ठेवायचे आणि ती माझ्या वर्गात शोभणाऱ्या आवाजाला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती भात कालवता कालवता म्हणाली, "सन्मतीचा फोन आलता." सन्मती तिचा मुलगा, बेंगलोरला असतो. "म्हणतोय, आई, आकडा बघितलास का? टॉवर आला की गल्ली रुंद करणार, आपल्या पुढच्या खोल्या जाणार. त्याच्या आधी घर विकू आणि तू माझ्याकडं ये. एजंटबी तयार हाय म्हणं."

"मग तू काय म्हटलीस?"

"काय म्हणणार? बघतो म्हटलो." (आमच्याकडं बायका 'बघतो', 'जातो', 'म्हटलो' असंच बोलतात. पुण्याची माणसं हसतात. हसू देत.)

"जा की मग," मी म्हटलं. "बेंगलोरची हवा झ्याक असती म्हणं."

माझा स्वभाव हा असा. वाईट वाटलं की तोंडातून टोमणाच बाहेर पडतो. अक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घालून ताटातला भात संपवला.

सन्मती वाईट मुलगा नाही, हेही सांगून ठेवते. गुडघे दुखणारी आई गावात एकटी राहते, याची त्याला रोज काळजी. टॉवरनं त्याला निमित्त दिलं. त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येत होता.

इकडं आकडा चढतच होता. मंडळाच्या कार्यक्रमात माईक स्पीकरसमोर धरला की कसा किंचाळतो? स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये. तसंच झालं होतं. लोक आकडा बघून एजंटांना फोन करत, एवढे फोन झाले म्हणून आकडा वाढे, आणि वाढलेला आकडा बघून आणखी लोक फोन करत. सत्याऐंशीचे एक्क्याण्णव झाले. कोपऱ्यावरच्या भडंगवाल्यानं पाटी बदलून 'टॉवर भडंग' करून टाकली. गिरणीचा माळ म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली बंद पडलेल्या गिरणीची मोकळी जागा. तिला चारी बाजूंनी उंच निळे पत्रे ठोकलेले होते, आणि येणारा-जाणारा फटीला डोळा लावल्याशिवाय पुढं सरकत नव्हता. आत ताडपत्री, तिच्या आत आणखी ताडपत्री. कुणाला काही दिसत नव्हतं.

या सगळ्यात एकच माणूस टॉवरबद्दल चकार शब्द काढत नव्हता. ते म्हणजे आमचे अरविंदराव.

अरविंदराव माझे यजमान आणि गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. सूतगिरणीतली नोकरी त्यांनी पोटासाठी केली, मंडळ मात्र जीव ओतून चालवलं. आमच्याकडं मंडळाचा देखावा म्हणजे लष्करी गुपित. आषाढातच समितीची माणसं नारळावर हात ठेवून शपथ घेतात, की पडदा उघडेपर्यंत बायकोलाही सांगायचं नाही. याला कारण पलीकडच्या गल्लीचं मंडळ. ते आमच्यावर हेर लावतात, आम्ही त्यांच्यावर लावतो. म्हणून प्लायवूड एकाच्या नावानं, लोखंडी सांगाडा दुसऱ्याच्या मेहुण्याच्या नावानं, रंग थेट कोल्हापुरातून, आणि माल उतरायचा तो भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना. संसारात या माणसानं माझ्यापासून दुसरं काहीही लपवलं नाही. देखावा मात्र मला चतुर्थीच्या संध्याकाळी, सगळ्यांसारखं रांगेत उभं राहूनच कळायचा. त्या वर्षी मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता आणि चौकात नेहमीचा मांडव उभा राहिला होता. त्यापलीकडं मला काही ठाऊक नव्हतं.

जेवताना मी त्यांना म्हटलं, "त्रिशलाक्का घर विकालीय. बेंगलोरला निघाली."

त्यांचा घास हातातच राहिला. "कशापायी?"

"टॉवरपायी. तुम्ही असता कुठं? सगळं गाव बोलालंय."

ते पाणी प्यायले आणि ताट तसंच ठेवून उठले. पुढं दोन-चार दिवस त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. चहात साखर घालायचे आणि न ढवळता प्यायचे. मग एका सकाळी मी धुण्याला कपडे घेत होते, तर त्यांच्या शर्टाच्या बाहीला निळ्या चकचकीत कागदाचे तुकडे चिकटलेले. मी ते खरवडत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

"उज्ज्वला, जरा बस."

"धुणं पडलंय."

"बस म्हणतोय न्हवं. तो टॉवर आमचा हाय."

मला आधी काही समजेचना. मग त्यांनी सगळं सांगितलं. सुवर्णमहोत्सवाचा देखावा होता 'उद्याचं इचलकरंजी', आणि त्यात चांगला पाच माणूस उंचीचा टॉवर. चौकातला मांडव म्हणजे पलीकडच्या मंडळाला दिलेली हूल. खरं काम गिरणीच्या माळावर. सांगाडा उंच, म्हणून नियमाप्रमाणं माती तपासून घेतली, तीही खजिनदाराच्या मेहुण्याच्या नावानं. क्रेनची चौकशी केली. आणि आत दोन मजले चालणारी लिफ्ट, तिच्यासाठी एकसष्ट बटणांची पाटी मागवली, कारण पाटीत बटणं जास्त असली की पोरांना मजा वाटते.

मी आधी पोट धरून हसले, आणि मग हसणं थांबलं. अदमासचं काहीच चुकलं नव्हतं. लपवून बांधणारा बिल्डर आणि लपवून देखावा करणारं मंडळ, दोघांचं वागणं मोजायला गेलं तर तंतोतंत सारखं. फरक असतो तो हेतूत, आणि हेतूचं वजन रस्त्याखालच्या केबलला कळत नाही. ज्यांनी त्याला शिकवलं त्यांच्या शहरांत बहुतेक अशी मंडळं नसावीत.

"शपथ मोडली मी," अरविंदराव म्हणाले. "पन्नास वर्षांत कुणी मोडली न्हवती. पण अक्का जाणार म्हटल्यावर मला गप बसवंना. चल, तिला सांगू."

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मला त्या सकाळीइतका कधी आवडला नव्हता.

शनिवारी सन्मती व्यवहार पक्का करायला आला, आणि आम्ही दोघं शेजारी जाऊन बसलो. अरविंदरावांनी घसा खाकरून सगळं सांगितलं. सन्मतीनं नीट ऐकून घेतलं आणि फोन काढला. "काका, राग मानू नका. पण आधी नकार येतो आणि मग जाहीर होतं, हे अदमासनं पन्नास ठिकाणी बघितलंय. आता आकडा त्र्याण्णव आहे. तुम्हाला कुणी सांगायला लावलंय का?"

"मला कोण लावणार? मीच बांधलाय तो!"

"तुम्हाला तसं वाटत असेल."

अरविंदरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शपथ मोडलीच होती, मग उरलंसुरलंही गेलं. ते आम्हां तिघांना माळावर घेऊन गेले आणि पत्र्याचं दार उघडून ताडपत्री बाजूला केली. टॉवर उभा होता. निळ्या चकचकीत कागदाच्या शेकडो खिडक्या, टोकाला लाल दिवा, पायाशी बाप्पासाठी चौथरा. खरं सांगायचं तर नजर हटेना, इतका सुंदर होता.

सन्मती त्याच्याभोवती फिरला. "हे मॉडेल आहे, काका. मोठा प्रकल्प असला की आधी असंच मॉडेल करतात."

अरविंदरावांनी एका खिडकीशेजारी बोटांनी वाजवलं. "प्लायवूड हाय रे!"

"मॉडेल प्लायवूडचंच असतं की."

याच्यापुढं माणसानं बोलायचं काय? स्वतःच्या हातांनी डिंक लावून चिकटवलेली वस्तू आपली नाही, हे समोरचा टक्केवारीनिशी सिद्ध करतोय म्हटल्यावर अरविंदराव मटकन चौथऱ्यावर बसले. अक्का इतका वेळ मान वर करून टॉवर बघत होती. "लिफ्ट चालती का, भाऊजी?" तिनं विचारलं.

"दोन मजले," ते पडेल आवाजात म्हणाले.

"बरंच की," अक्का म्हणाली.

त्या संध्याकाळी ती ताट घेऊन गच्चीवर आली, मी कप घेऊन गेले. खाली सन्मती कुणाशी तरी फोनवर बोलत होता, एजंट सकाळी येणार होता. मी वाट बघत होते की अक्का काही म्हणेल. ती जेवत राहिली. आणि एकदम माझ्या ध्यानात आलं, की टॉवरबद्दल, टक्क्यांबद्दल, प्लायवूडबद्दल सगळ्यांनी सगळं बोलून झालं होतं, पण जे बोलायचं ते मी एकदाही बोलले नव्हते.

"अक्का, जाऊ नकोस," मी म्हटलं.

तिनं ताट खाली ठेवलं.

"तू गेलीस तर मी कुणाशी बोलू? ह्यांच्याशी बोलायचं तर ते ऐकतात कुठं, अर्धं डोकं मंडळात. सकाळी उठलो की पहिल्यांदा तुझ्या बादलीचा आवाज येतोय का बघतो मी. तुला सर्दी झाली तर मला झोप येत न्हाई. आणि तुझी आमटी मला आवडती. इतकी वर्षं खोटं बोललो. थांब, अक्का."

बोलता बोलता माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला असावा, कारण समोरच्या गच्चीवरची बाई वळून बघायला लागली. अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. "ओरडू नकोस," ती म्हणाली, "ऐकायला येतंय मला." आणि पुन्हा जेवायला लागली.

सकाळी एजंट आला आणि चहा पिऊन परत गेला. अक्कानं घर विकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. सन्मतीनं बराच वेळ समजावलं, आणि निघताना माझ्याही पाया पडला. "काकू, लक्ष ठेवा," म्हणाला. त्याच्याबद्दलचा माझा राग तिथंच संपला.

अरविंदरावांची छाती दोन इंच फुगली. आपण देखावा दाखवला म्हणून अक्का थांबली, हे त्यांनी मला दिवसातून चारदा ऐकवलं. मीही ऐकून घेतलं, कारण मलाही तसंच वाटत होतं. समितीपुढं जाऊन त्यांनी शपथ मोडल्याचं कबूल केलं, आणि शिक्षा म्हणून उत्सवभर त्यांना दर्शनाला येणाऱ्यांच्या चपला राखायला बसवलं. अध्यक्षांनी ते काम एवढ्या आनंदानं केलं की समितीला शिक्षा दिल्यासारखं वाटलंच नाही.

चतुर्थीला पडदा उघडला आणि गाव लोटलं. कोल्हापूर, सांगली, निपाणी, कुठून कुठून माणसं आली. पलीकडच्या मंडळाचे अध्यक्ष तर टॉवरपुढं तोंड उघडं ठेवून उभेच राहिले. आता टॉवर कसला ते सगळ्या जगाला कळलं, तेव्हा आकडा धाडकन खाली येणार, असं मी धरून चालले होते. तो सत्याण्णव झाला. अदमासनं मोजलं ते एवढंच, की गिरणीच्या माळावर माणसांची अलोट गर्दी होते आहे आणि जो तो टॉवरबद्दल बोलतो आहे.

आणि हे आकडे फक्त आमची गल्ली बघत नव्हती. दसऱ्याच्या आसपास बाहेरच्या एका कंपनीनं गिरणीचा माळ घेतल्याची बातमी आली. तिथं टॉवर होणार होता. मजले किती, हे त्यांना आधीच ठरवून मिळालं होतं. लोकांच्या तोंडी बसलेला आकडा कशाला बदला, म्हणून एकसष्टच. गल्ली दोन्ही बाजूंनी रुंद होणार, असंही खाली लिहिलं होतं. ज्या टॉवरला आम्ही खोटा म्हटलं, तो आमच्या देखाव्यातूनच खरा होणार होता. अरविंदरावांनी ती बातमी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. "हे आमचंच झालं की गं," म्हणाले, आणि त्यांना हसावं की रडावं कळेना.

मला मात्र अक्का आठवली. अक्का थांबली ती टॉवर खोटा म्हणून. आता तो खरा होता. मी तशीच पदर खोचून शेजारी गेले. ती सोप्यात सूप पुढ्यात घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"अक्का, टॉवर यायला लागलाय. खराखुरा."

"कळलं. सन्मतीचा फोन येऊन गेला."

"मग? आता?"

"आता काय? पुढच्या दोन खोल्या गेल्या तर मागच्या दोन हायत. एकटीला किती लागतंय?"

"न्हाई, पण..." मी म्हटलं. "टॉवर न्हाई म्हणूनच तू थांबलीवतीस न्हवं?"

तिनं शेंग हातात धरली आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडं बघितलं. "कोण म्हटलं तुला? भाऊजींचं मला तेव्हाबी पटलं न्हवतं. सन्मतीचंच खरं वाटालतं. टॉवर येणार, खोल्या जाणार, हे धरूनच एजंटाला न्हाई म्हटलो मी."

"मग थांबलीस कशापायी?"

"तू थांब म्हटलीस म्हणून," ती म्हणाली. "एवढी शिकवती बाई, आणि हे कळंना तुला?"

मी तिच्या सोप्यात फतकल मारून बसले आणि रडायला लागले. चांगली मोठ्यानं, आमच्या घरात ऐकू जाईल अशी. अक्कानं शेंगांचं सूप माझ्यापुढं सरकवलं.

"रड की," ती म्हणाली, "पण शेंगा फोडत रड."